अकरावी ओळ

बफेलोत तीस जूनला अंधार पडायला नऊ वाजतात,
तरी लॉइडने चारलाच सगळे दिवे लावायला सांगितले.
फळ्यावर एकच नाव: टेरॉन ऑक्सेंडाइन.
त्याच्या मापाची जर्सी काचेत लावून झाली होती,
बर्फातल्या स्टेडियमचा फोटो भिंतीएवढा करून झाला होता,
आणि मी, रेनाटा, हिशेबवाली,
बारा जणांच्या पगारांत
तेराव्यासाठी जागा शोधत होते.

लोकांना वाटतं, हा खेळ उड्या मारणाऱ्यांचा.
असतोही, पण बर्फ पडतं तोवर.
उन्हाळ्यात तो माझ्या टेबलाशी येऊन बसतो
आणि त्याला घामसुद्धा येत नाही.

लीगने एक रेघ आखून दिली आहे, तिच्यावर जायचं नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावे, हे ठीक;
पण इथे माणसंच सात फुटी.
ज्यांचे करार संपले त्यांच्या नावावरही रक्कम धरलेली असते,
बसच्या सीटवर रुमाल टाकावा तशी.
सकाळपासून मी रुमालच उचलत होते.
एक उचलला, सत्तर लाख डॉलर.
दुसरा उचलला तेव्हा तो पोरगा
खालच्या जिममध्ये एकटाच फ्री थ्रो मारत होता,
चेंडूचा आवाज माझ्या पायाखालून येत होता.

पाच वाजता कमी पडत होते चोपन्न लाख.
लॉइडने फळ्याकडे पाहिलं, मग कॉफीकडे.
नाव कुणी घेईना.
मीच घेतलं.

फ्राने बाशिच. गाव शिबेनिक. वय चौतीस.
उरलेली वर्षं दोन, दर वर्षी नव्वद लाख.
त्याला सोडून द्या, रक्कम पाच वर्षांवर पसरा,
वर्षाला छत्तीस. चोपन्न मोकळे.
तिसरीतल्या मुलीलाही जमलं असतं.
असल्या पैशाला आमच्यात मेलेला पैसा म्हणतात.

फ्राने, जो हॉटेलात पलंगाच्या पायथ्याशी
स्वतःची सुटकेस उभी करून तिच्यावर टाचा टेकायचा.
जो ऑगस्टनंतर परतताना
आईने वाळवलेली अंजिरं वर्तमानपत्रात बांधून
हिशेब खात्याला आणायचा. इतर कुठल्याच खात्याला नाही.
तो वर आला, दारात वाकला, सवयीने.
‘बेरीज बरोबर आहे ना, रेनाटा?’
‘बरोबर आहे.’
‘मग झालं,’ म्हणाला, आणि पेन माझंच वापरलं.

सहा वाजले.
सहा वाजून चार मिनिटांनी टीव्हीवर
ऑक्सेंडाइन समुद्रकाठच्या दुसऱ्याच शहराची टोपी घालून हसत होता.
एजंटने नंतर कळवलं,
बर्फाचा फोटो त्याला फार आवडला म्हणे.

खोलीत सगळ्यांकडे आता जागाच जागा होती.
कुणीतरी दिवे मालवले. बाहेर लख्ख ऊन.

जागा मग भरली, जशी भरते,
दोन मध्यम खेळाडू आणि एका दुखऱ्या खांद्याने.
लॉइड गेला. दोन कोच गेले. काचेतली जर्सी
कुणाच्या तरी भाच्याला मिळाली.
दर जुलैत मी तक्ता उघडते:
वरची नावं पुसते, खालची वर आणते,
आणि अकराव्या ओळीवर फ्राने बाशिच, छत्तीस लाख,
संघातला सर्वांत जुना माणूस,
जो तिकडे बोटींना रंग देतो
आणि वर्तमानपत्र बदललं तरी अंजिरं पाठवतो.

यंदा त्याचं पाचवं वर्ष.
ऑक्सेंडाइन पुन्हा मोकळा आहे, गुडघा दोनदा उघडलेला;
एजंट स्वतः फोन करतो: काय असेल ते द्या.

लॉइडच्या जागी आलेली कोलीन
काल माझ्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
‘हा कोण? याला मी कधी खेळताना पाहिलं नाही.’
काय सांगायचं होतं ते मला पटकन सुचलं नाही.
म्हटलं, उंच होता.
पाय बाहेर यायचे.